ताटीच्या आत कोण?

पाचोऱ्याला आमच्या घराच्या मागल्या अंगाला एक लहानशी खोली आहे. पूर्वी तीत कापूस भरून ठेवीत. वडील गेले, शेतीचा व्याप कमी झाला, खोली रिकामी पडली; आणि मी तिथे पहाटे बसू लागलो. पाटावर घोंगडी, समोर समई, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर. साडेपाचला दार लावून घ्यायचे, अर्धा तास डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायचे, मग हरिपाठ म्हणायचा आणि शेवटी पसायदान. हा नेम सहा वर्षे चालला. घरचे लोक त्या वेळी दाराशी चपला वाजवीत नसत. मास्तर फार शांत झाले आहेत, असे गल्लीत बोलले जाऊ लागले, आणि ते माझ्या कानांवर येईल इतक्या मोठ्याने बोलले जात असे. मलाही ते खरे वाटे.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारले, की ध्यान आणि प्रार्थना यांनी माणसाचे मन मोकळे होते, असे आपले वाङ्मय सांगते. ते तपासून पाहाल का? मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि शाळेत मुलांना मराठी शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, टीकाशास्त्राची परिभाषा मला येत नाही. तेव्हा तपासायचे ते मी शिक्षकाच्या रीतीने तपासणार आहे. धडा पाठ झाला की नाही हे मुलाच्या म्हणण्यावरून कळते, पण तो समजला की नाही हे त्याच्या वागण्यावरून कळते. इथे मुलाच्या जागी मीच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

मोकळे मन म्हणजे काय, हे आधी ठरवले पाहिजे. ज्याचे कोणाशीच वाकडे नाही, जो सगळ्यांना होकार देतो, त्याला आपण मोकळ्या मनाचा म्हणतो. परंतु तो अनेकदा केवळ भिडस्त असतो. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या सोयीच्या विरुद्ध असले तरी ते आत येऊ द्यायचे, त्याला बसायला जागा द्यायची आणि मग काय ते ठरवायचे, ही तयारी म्हणजे मोकळे मन. एवढीच व्याख्या मी पुढे धरून चाललो आहे.

या विषयावर लिहायला दूर जावे लागत नाही. आमच्या खानदेशच्या मातीतच याविषयीचे चार मोठे दाखले आहेत. मुक्ताबाईंची समाधी इथली; विनोबांची गीताप्रवचने धुळ्याच्या तुरुंगातली; साने गुरुजींची शाळा अमळनेरची; आणि बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या.

पहिल्याने मुक्ताबाई. परंपरा सांगते ती कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव उद्विग्न झाले, झोपडीत शिरले, ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना विनवू लागली. त्या विनवणीचे चाळीस-बेचाळीस अभंग तिच्या नावावर आहेत आणि त्यांना ताटीचे अभंग म्हणतात. परंपरेप्रमाणे मुक्ताबाईंचा जन्म १२७९चा आणि अंत १२९७चा, म्हणजे अवघे अठरा वर्षांचे आयुष्य. तापीच्या काठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि त्या दिसेनाशा झाल्या, असे सांगतात. ज्या गावाला पूर्वी एदलाबाद म्हणत त्याचे नाव आज मुक्ताईनगर आहे, आणि तिथल्या कोथळीहून आषाढीला निघणारी पालखी पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत पंढरपूरला जाते.

या अभंगांची थोरवी सांगताना आपण नेहमी दोन गोष्टी सांगतो: एवढीशी मुलगी एवढ्या ज्ञान्याला उपदेश करते, आणि तो किती गोड शब्दांत करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु एक तिसरी गोष्ट आहे, ती आपल्या नजरेतून सुटते. ज्ञानदेव आत काय करीत आहेत? ते झोपलेले नाहीत, भांडत नाहीत, कोणाला शिव्याशाप देत नाहीत. ते आपल्यातच मिटून बसले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ते ध्यानच वाटेल. म्हणजे आपल्या भाषेतल्या एका अत्यंत आवडत्या रचनेत ध्यानाची बैठक आणि रुसव्याची बैठक ही दिसायला अगदी एकसारखी आहे, आणि दोहोंतला फरक बाहेरच्या माणसाला हाक मारून पाहावा लागतो. हाक मारली आणि दार उघडले, तर आत ध्यान होते. दार उघडले नाही, तर आत रुसवा होता. मुक्ताबाई योगाला नावे ठेवीत नाहीत. उलट, योगी कसा असतो हे सांगण्यापासूनच त्या सुरुवात करतात. जग आगीसारखे पेटले तर संताने पाणी व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे. पाण्याला दार लावून घेता येत नाही, हे त्या उपमेतच आले.

त्यांच्या उपमाही पाहण्यासारख्या आहेत. ब्रह्म आणि माया यांची चर्चा करायला त्यांना काही कमी नव्हते. पण भावाला समजावताना त्या दातांनी चावलेल्या जिभेचा दाखला देतात. जीभ चावली म्हणून कोणी दात पाडून टाकतो काय? ही घरातली, ताटावरची उपमा आहे. जेवताना प्रत्येकाची जीभ केव्हातरी चावली गेलेली असते, म्हणून तिला उत्तर देता येत नाही. वाद करणारा माणूस जिंकण्यासाठी बोलतो. बहीण दार उघडावे म्हणून बोलते. या अभंगांची भाषा इतकी साधी का, याचे कारण मला या हेतूत सापडते.

तथापि या रचनेत एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. अपमान लोकांनी केला आणि सोसायचे मात्र ज्ञानदेवांनी. ज्यांनी त्या मुलांना छळले त्यांच्या दाराशी जाऊन मुक्ताबाई काही विनवीत नाहीत. ज्याला समाज रोज बाहेर उभा करतो, अशा माणसाने हे अभंग वाचले तर तो विचारील, की पाणी होण्याचे काम नेहमी आम्हीच का करायचे? हा प्रश्न रास्त आहे. या अभंगांचा दुरुपयोग फार सोपा आहे, आणि तो कसा होतो ते मी सांगू शकतो, कारण तो मी केला आहे.

वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे, अशी दोन नावे लागली. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. त्याआधी १९९४ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केलाच होता. पण आमच्याकडे रीत वेगळी. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने तिला आखाजीला आणि दिवाळीला साडी-चोळी करायची, आणि माहेरचे दार उघडे राहायचे. ताईने सही केली नाही. तिने भांडण केले नाही, वकील गाठला नाही. फक्त म्हणाली, ‘भाऊ, माझे नाव राहू दे.’ मी गप्प बसलो. त्या आखाजीला तिला आणायला कोणी गेले नाही. अंगणातल्या कडुनिंबाला त्या वर्षी झोका बांधला गेला नाही. आणि वाचकहो, मागल्या खोलीतला माझा पहाटेचा नेम सुरू झाला तो त्याच वर्षी.

दोन वर्षांनी चुलत्यांच्या दशक्रियेला ताई आली. भाकरी खाऊन झाल्यावर ती ओट्यावर बसली होती. मी तिला समजावण्याच्या हेतूने मुक्ताबाईंचा दाखला दिला. म्हटले, ‘ताई, तू पालखीबरोबर पंढरपूरला जातेस. मुक्ताईने काय शिकवले? सोसावे, सोडून द्यावे, मन मोठे करावे.’ ताई चौथीपर्यंत शिकली आहे; भजनी मंडळात ताटीचे अभंग तिचे तोंडपाठ आहेत. ती अहिराणीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा: ‘भाऊ, त्या अभंगात बहीण बाहेर उभी असते. दार लावून आत बसलेला असतो तो भाऊ.’

मी पंचवीस वर्षे मराठी शिकवीत आलो, पण ताटीच्या अभंगांवर याहून नेमके भाष्य माझ्या वाचनात आले नाही. वाचताना आपण आपल्याला कोणाच्या जागी धरतो, यावर अर्थ अवलंबून असतो. मी मुक्ताईचे शब्द उचलले होते आणि ताटी मात्र स्वतःकडे ठेवली होती. वर जी अडचण सांगितली तिचे उत्तरही मला इथेच मिळते. हे अभंग बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सोसायला शिकवण्यासाठी नाहीत. ते आतल्या माणसाने, आपणच आत आहोत असे समजून ऐकायचे आहेत. दुसऱ्याला ऐकवले की ते उपदेश होतात आणि खोटे ठरतात.

त्या दिवशी मात्र मला एवढे कळले नाही. मला राग आला, आणि दुसऱ्या पहाटे मी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास बसलो.

आता विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर बोलायला सुरुवात केली. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. समोर राजबंदी बसलेले, आणि त्यांत साने गुरुजी. गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली म्हणून आज आपल्याला ती मिळतात. मराठीतल्या गद्याचा हा एक विलक्षण प्रकार आहे: बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि दोघेही कैदी. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग येतो. सामान्य प्रवचनकार इथे आसन, नासिकाग्र, प्राण यांच्या वर्णनात रमतो. विनोबा आसनाशी फार वेळ थांबत नाहीत. चित्ताची एकाग्रता हवी, हे ते सांगतात. पण लगेच तिला दोन जोड देतात. एक, जीवनाची परिमितता, म्हणजे खाणे, पिणे, बोलणे, मिळवणे या सर्वांना माप असणे. दुसरी, समदृष्टी, म्हणजे सृष्टीकडे मंगल भावाने पाहणे. ही दोन नसतील तर नुसते डोळे मिटून काही साधत नाही, असा त्या प्रवचनाचा रोख आहे.

हे प्रवचन मी अनेकदा वाचले होते. पण एकाग्रतेचा भाग खुणा करून वाचला होता आणि पुढच्या भागाची पाने कोरी होती. हे माझ्या एकट्याचे नाही. ध्यान शिकवणारे वर्ग आज गावोगाव आहेत, मोबाईलवरही ध्यान शिकता येते. तिथे पहिल्या भागावर सारा भर असतो. झोप चांगली लागते, रक्तदाब उतरतो, चिडचिड कमी होते, असे सांगतात, आणि त्यात खोटे आहे असे मी म्हणत नाही. माझीही चिडचिड कमी झाली होती. पण ती का कमी झाली? माझ्या शांतीची मी पुढे झडती घेतली तेव्हा तिच्यात मला एकच वस्तू सापडली: ताई येत नव्हती. जिच्यामुळे चिडायचे ती माणूसच दाराशी येत नसेल, तर मन शांत राहायला योगाची गरज काय? एकाग्रतेने मन स्थिर होते. परंतु बंद मनही स्थिरच असते. विनोबांनी समदृष्टीची जोड दिली ती याच धोक्यासाठी, असे मला वाटते.

त्या प्रवचनाविषयी माझी एक तक्रार होती, तीही नोंदवतो. मंगल दृष्टीने पाहा असे विनोबा सांगतात तेव्हा समोर नदी, झाडे, आकाश असे काही आले तर ते सोपे जाते. पण संसारी माणसाला मंगल दृष्टीची खरी अडचण बांधावर येते. वाटा मागणाऱ्या भावाबहिणीकडे समदृष्टीने कसे पाहायचे, हे ब्रह्मचाऱ्याला काय ठाऊक, असे मी मनात म्हणत असे. ही टीका मला परत घ्यावी लागली. त्या तुरुंगातल्या रविवारांनंतर एकोणीस वर्षांनी, १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातल्या पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले. पुढे ते गावोगाव चालत गेले आणि जमीनदारांना काय म्हणाले? तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा सहावा वाटा मला द्या. म्हणजे समदृष्टी बांधावर आली की तिचे काय होते, याचे उत्तर त्यांनी शब्दांत न देता पायांनी चालून दिले. तिचा वाटा होतो. भूदानात मिळालेल्या जमिनींचे पुढे काय झाले, किती वाटल्या गेल्या आणि किती कागदावरच राहिल्या, यावर बरीच टीका झाली आहे आणि तीत तथ्य आहे. पण ध्यानाच्या अध्यायाचे भाष्य म्हणून त्या पदयात्रेकडे पाहिले तर ते भाष्य खणखणीत आहे.

तिसरे साने गुरुजी. पालगडचा हा कोकणी तरुण अमळनेरला आला तो तत्त्वज्ञान मंदिरात. प्रताप शेठजींच्या दातृत्वाने १९१६ मध्ये उभी राहिलेली ही संस्था. तिथे तत्त्वचिंतनाला हवी ती शांतता होती. पण गुरुजींचे मन तिथे रमले नाही. १९२४ मध्ये ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, छात्रालयातल्या मुलांत राहू लागले, त्यांची अंथरुणे घालू लागले, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढू लागले. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात गेले. चिंतनाच्या जागेतून मुलांच्या गलक्यात येणे, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना आहे. त्यांच्या सगळ्या प्रार्थनामय लेखनामागे तो गलका आहे.

गुरुजींची प्रेमालाच धर्म म्हणणारी प्रार्थना महाराष्ट्रातल्या शाळांतून लाखो मुलांनी म्हटली. आमच्या शाळेतही परिपाठाला ती होते. वाङ्मय म्हणून तिच्यात काही चमत्कृती नाही. शब्द सोपे, कल्पना ओळखीच्या, भाव एकच आणि तोच पुन्हा पुन्हा आळवलेला. गुरुजींच्या एकूण लेखनावर भाबडेपणाचा आणि अश्रूंचा जो आक्षेप समीक्षकांनी घेतला, तो या प्रार्थनेवरही घेता येईल. शिवाय रोज म्हटली जाणारी प्रार्थना गुळगुळीत होते. मुले ती एका दमात म्हणून टाकतात. तिच्यानंतर प्रतिज्ञा येते, तीत सारा देश आपला बांधव होतो, आणि मग दोघे बांधव बाकावरच्या जागेसाठी एकमेकांना कोपरे मारतात. मी पुढे उभा राहून हात जोडलेले असतात आणि मला तरी त्या वेळी आपली सख्खी बहीण कुठे आठवत होती?

पण त्या प्रार्थनेचा कवी केवळ कवी नव्हता, ही गोष्ट तिच्या वाचनात धरावी लागते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना बंद होते. गुरुजी ते दार उघडावे म्हणून महाराष्ट्रभर फिरले, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषणाला बसले. ते दहा दिवस चालले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर सुटले. ताटीच्या अभंगांविषयी जो प्रश्न मी वर उभा केला, त्याला या दहा दिवसांत उत्तर आहे. इथे विनवणी अपमान सोसणाऱ्याला नाही. ती दार लावून आत बसलेल्यांना आहे. विनवणारा स्वतः आत जाऊ शकत होता, त्याच्यासाठी दार बंद नव्हते; तरी तो बाहेरच्यांत येऊन बसला. मुक्ताबाईंची विनवणी आणि गुरुजींचे उपोषण ही एकाच परंपरेतली दोन रूपे आहेत, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. भाबडेपणाचा आक्षेप त्या दहा दिवसांपुढे टिकत नाही. शब्द भाबडे असतील. त्यांची किंमत मात्र अन्नाने मोजलेली आहे.

शेवटी बहिणाबाई. जन्म १८८० चा, आसोद्याचा, सासर जळगावचे. अक्षरओळख नाही. त्या ओव्या म्हणत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव लिहून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी छापली गेली आणि महाराष्ट्र चकित झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या निरक्षर बाईचे नाव आहे. त्यांची मनावरची कविता शाळेत शिकवताना मी नेहमी उपमा मोजून घेत असे: पिकात शिरणारे गुरू एक, लाटा दोन, अशा. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु या बाईने मनाचे इतके बारीक निरीक्षण केव्हा केले? त्यांना पहाटे खोलीचे दार लावून बसायला कोण देणार? जाते ओढताना, गुरे हाकताना, चुलीपुढे बसून त्यांनी मन पाहिले. हाकललेले गुरू पुन्हा पिकाकडे वळते हे ज्याने हाकलले त्यालाच ठाऊक असते. लहान म्हणावे तर खसखशीएवढे आणि मोठे म्हणावे तर आभाळात न मावणारे, हे मोजमाप पोथीतले नव्हे.

आणि कविता संपते कशी? बहिणाबाई मनाला उपदेश करीत नाहीत, त्यावर विजय मिळवल्याचे सांगत नाहीत. त्या देवालाच विचारतात, की असे कसे हे मन केलेस? ही प्रार्थनाच आहे, पण प्रश्नाच्या रूपातली. मागणीची प्रार्थना देवाला काय द्यायचे ते सांगते. प्रश्नाची प्रार्थना उत्तरासाठी जागा रिकामी ठेवते. मोकळ्या मनाची मी वर जी व्याख्या केली, तिचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

चारही दाखले एकत्र पाहिले म्हणजे संपादकांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. ध्यानाने आणि प्रार्थनेने मन मोकळे होते असे आपले वाङ्मय सरसकट सांगत नाही. ते त्याहून सावध आहे. ध्यानाने मन निवांत होते. त्या निवांतपणात दाराबाहेरची हाक अधिक स्पष्ट ऐकू येऊ शकते, किंवा अजिबात ऐकू येईनाशी होऊ शकते. कोणते होईल, ते ध्यानावर अवलंबून नाही; बाहेर कोणी उभे आहे हे आपण मान्य करतो की नाही, यावर आहे. मुक्ताबाईंपासून बहिणाबाईंपर्यंत साऱ्यांच्या प्रार्थनेत समोर कोणीतरी दुसरे आहे: भाऊ, जमीनदार, बडवे, देव. पसायदानातसुद्धा ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावा आणि सर्वांचे एकमेकांशी मैत्र जडावे, असे मागतात. म्हणजे १२९० सालच्या त्या मागण्यात न आवडणाऱ्या माणसालाही जागा ठेवलेली आहे. मी ते सहा वर्षे रोज म्हटले. माझ्या घरात ते ‘दुष्ट’ कोण, याविषयी माझी खात्री होती. मीही त्यात येऊ शकतो, हे कधी मनात आले नव्हते.

ते कधी आले, याचा एक मुहूर्त सांगता येत नाही. ताईचे ओट्यावरचे वाक्य चार वर्षे डोक्यात राहिले. बसायला गेलो की ते पिकातल्या गुरासारखे परत येई. मी हाकली, ते पुन्हा येई. एके पहाटे मी त्याला हाकलले नाही. येऊ दिले, बसू दिले. त्याच्यापाठोपाठ बरेच काही आत आले. वडिलांच्या आजारपणात सहा महिने उशाशी कोण होते, विहिरीच्या कर्जाला पाटल्या कोणाच्या मोडल्या, हे सगळे मला ठाऊकच होते. पण मी ते बाहेर उभे करून ठेवले होते. त्या दिवशी हरिपाठ झाला नाही. उजाडल्यावर मी ताईला फोन केला आणि मोजणीला केव्हा येतेस, असे विचारले.

वाटणी गेल्या वर्षी झाली. वाचकांना गोड शेवट आवडतो, विशेषतः दिवाळीत. पण खरे ते सांगितले पाहिजे. विहिरीकडचा तुकडा ताईच्या वाट्याला गेला आणि तिने तो आपल्या दिराला कसायला दिला. मला ते आवडले नाही, अजूनही आवडत नाही. तसे मी तिला सांगितले; तिने ऐकून घेतले आणि जमीन दिराकडेच ठेवली. आम्ही दोघे आता अधूनमधून भांडतो. सहा वर्षे आमच्यात भांडणसुद्धा नव्हते.

पहाटेची बैठक मी मोडलेली नाही. त्या वेळेला पर्याय नाही, हेही अनुभवाने सांगतो; ते वाक्य आत आले ते बसलो होतो म्हणूनच. फक्त खोलीचे दार आता उघडे असते. चपला वाजतात, दूधवाला हाका मारतो, नात मांडीवर येऊन बसते आणि समईकडे बोट दाखवते. एकाग्रता पूर्वीइतकी होत नाही.

या आखाजीला कडुनिंबाला झोका बांधला. ताई आता पन्नाशीच्या पुढे गेली आहे. झोक्यावर बसली नाही, पण दोरी ताणून पाहिली आणि गाठ नीट नाही म्हणून मला पुन्हा बांधायला लावली. भाऊबिजेला मला तिच्या गावी जायचे आहे. सकाळची एस. टी. मिळाली तर जेवायच्या वेळेला पोचेन.